मसाज करणाऱ्या हातांना परवाना द्या

प्रति,
सन्माननीय कौशल्य विकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.
प्रत : सन्माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि सन्माननीय गृहमंत्री



मी पुण्यात 17 वर्षं मसाज थेरपिस्ट म्हणून काम करते. पहिली नऊ वर्षं दुसऱ्यांच्या स्पामध्ये पगारावर काढली, नंतर स्वतःचं तीन खोल्यांचं केंद्र सुरू केलं. माझ्याकडे चार मुली कामाला आहेत, म्हणजे होत्या. आता तीन आहेत. चौथी का गेली ते सांगितल्याशिवाय या पत्राला सुरुवात करता येणार नाही.

मागच्या श्रावणात एका दुपारी केंद्रावर पोलीस आले. दोन हवालदार आणि एक महिला शिपाई. परिसरातली सगळीच मसाज सेंटर तपासत होते. मी गुमास्ता दाखवला, भाडेकरार दाखवला, मुलींची आधार कार्डं आणि पोलीस पडताळणीच्या पोचपावत्या दाखवल्या. मोठे हवालदार सगळं नीट वाचून म्हणाले, "हे दुकानाचं झालं. तुमचं आणि मुलींचं लायसन दाखवा." मी भिंतीवरची फ्रेम उतरवून त्यांच्या हातात दिली. "हे क्लासचं सर्टिफिकेट आहे. सरकारी काय आहे?" मी म्हटलं, "साहेब, सरकारी म्हणजे कुठलं ते नाव सांगा. उद्या रांगेत उभी राहून काढून आणते." त्यांनी बाहेर जाऊन एक फोन केला, परत आले आणि म्हणाले, "ते आम्हालाही माहीत नाही, ताई. पण असायला पाहिजे."

माणूस सरळ होता. आवाज चढवला नाही, वेडंवाकडं बोलला नाही. पण माझ्याकडची सगळ्यात लहान मुलगी तेवढा वेळ आतल्या खोलीत टॉवेलच्या रॅकला टेकून उभी होती. कोपरापर्यंत तेल तसंच होतं, हात पुसायचंही तिला सुचलं नाही. पुढच्या आठवड्यात ती गावी गेली. घरच्यांना कुणीतरी "पोलीस आले होते" एवढंच सांगितलं होतं. त्यांनी तिला परत पाठवलं नाही. वर्षभर मी तिला शिकवत होते आणि तिचा हात फार चांगला होता.

मंत्रिमहोदय, त्या हवालदारांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. परवाना असायला पाहिजे. तो नाही, हीच माझी तक्रार आहे, आणि ती मी आपल्याकडे करते आहे कारण हा प्रश्न नेमका कुणाचा हेच आजवर ठरलेलं नाही. कामगार खात्याला आम्ही दुकान म्हणून दिसतो. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजकीच माणसं कामाला असतील तर नोंदणीसुद्धा लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. गृह खात्याला आम्ही दिसतो ते 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे 'पिटा'च्या चष्म्यातून. आपल्या खात्याला आम्ही ब्युटी आणि वेलनेसमध्ये दिसतो. आरोग्य खात्याला आम्ही दिसतच नाही. वास्तविक दिवसभरात आमच्या हाताखालून जातात ती माणसांची शरीरंच.

घरात वायरिंग करायला वायरमनचा परवाना लागतो. रिक्षा चालवायला बॅज लागतो. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, तो कायदा 1948 सालचा आहे. फिजिओथेरपिस्टसाठी आपल्या राज्यात 2002 च्या कायद्याने परिषद आली, 2021 मध्ये केंद्राचाही कायदा झाला. आणि माणसाच्या मानेवर, मणक्यावर, गरोदर बाईच्या कंबरेवर जोर देणाऱ्या व्यक्तीला कालपर्यंत काय करत होतीस एवढंसुद्धा विचारायची कुणाला सक्ती नाही.

अभ्यासक्रमच नाही असं मी म्हणत नाही. स्पा थेरपी नावाचा एक वर्षाचा ट्रेड आयटीआयच्या यादीत आहे. वेलनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने असिस्टंट स्पा थेरपिस्ट आणि स्पा थेरपिस्ट अशा पायऱ्या आखल्या आहेत. इथे पुण्यातच बापू भवनात केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, तिथे उपचार सहायक वर्षभर शिकून तयार झालेले आहेत. उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम तर गांधीजींनी 1946 मध्ये सुरू केला. म्हणजे शिकवायचं कसं हे या जिल्ह्याला माहीत आहे. पण यांतलं काहीही केलं नाही तरी उद्यापासून कुणीही बेडपाशी उभं राहू शकतं. एक वर्ष शिकून आलेली आणि पंधरा दिवसांत आलेली, दोघी एकाच पगारावर, एकाच रंगाच्या कुर्त्यात उभ्या असतात. मग वर्ष कोण घालवेल?

मीही वीस-बावीस दिवसांतलीच. 2008 साली भिशीचे 18,000 रुपये भरून मी एका क्लासला गेले. दोन खोल्या, तीन बेड, एका बॅचला चौदा मुली. 22 दिवसांत स्वीडिश, डीप टिश्यू, अभ्यंग, पोटली, हेड मसाज, सगळं "कव्हर" झालं. सराव एकमेकींवर. हाडांचा सांगाडा नव्हता, स्नायूंचा तक्ता नव्हता. कुणाला मसाज करायचा नाही यावर एक तासही झाला नाही. शेवटच्या दिवशी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर 'आंतरराष्ट्रीय' असा शब्द होता. किती तास शिकलो हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. त्याची किंमत पुढे माझ्या एका मैत्रिणीला कळली. लग्न होऊन ती कॅनडात ओंटारियोला गेली, तिथे 'मसाज थेरपिस्ट' म्हणवून घ्यायला नियामक संस्थेची नोंदणी लागते. तिने चौकशी केली तर पहिला प्रश्न आला, तुमच्या शिक्षणाचे तास किती, विषय कुठले? सात वर्षांचा अनुभव असलेली बाई या प्रश्नाला उत्तर देऊ शकली नाही. न्यूयॉर्क राज्यात 1000 तासांचं शिक्षण लागतं. जर्मनीत 1994 च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षं शिक्षण आणि वर सहा महिने प्रत्यक्ष काम. जपानमध्ये 1947 पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे, तीन वर्षं शिकावं लागतं आणि राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते.

मला खरं शिक्षण मिळालं ते दोन ठिकाणी. एक माझी आई. बार्शीत ती बाळ-बाळंतिणीची मालिश करायची. पाय लांब करून बसायची, बाळाला नडग्यांवर घ्यायची, तेल आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायची. घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न, "बाळानं दूध घेतलं का?" अंग कोमट लागलं तर मालिश नाही, अंघोळ नाही, सरळ "डॉक्टरांकडे न्या" आणि त्या दिवसाचे पैसेही नाहीत. सिझरच्या बाळंतिणीच्या पोटाला टाके पूर्ण भरेपर्यंत हात लावायची नाही, सासूबाई कितीही म्हणाल्या तरी. आईची शाळा चौथीपर्यंत झाली होती. नको म्हणायचं कधी, हे तिला जितकं माहीत होतं तितकं माझ्या 22 दिवसांत कुणी शिकवलं नाही.

दुसऱ्या एक फिजिओथेरपिस्ट मॅडम. माझ्या दुसऱ्या नोकरीच्या ठिकाणी त्या क्लायंट म्हणून यायच्या. माझा हात बघून एकदा म्हणाल्या, सोमवारी सुट्टी असते ना, घरी ये. सव्वा वर्ष मी दर सोमवारी त्यांच्याकडे गेले. एक पैसा त्यांनी घेतला नाही. गळ्याच्या बाजूला जिथे नाडी लागते तिथे अंगठा का रुतवायचा नाही, मधुमेह झालेल्याच्या पायावर गरम दगड ठेवण्याआधी त्याला पायाला स्पर्श कळतो का हे का तपासायचं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोराचा दाब का नको, हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या बरगड्यांवर काय करायचं नाही, हे सगळं त्यांच्या दिवाणखान्यात, त्यांच्या मुलाच्या शाळेच्या वहीत लिहून घेतलेलं आहे. ती वही अजून माझ्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये असते.

त्या वहीमुळे काय झालं ते सांगते. साधारण पन्नाशीच्या एक बाई आल्या. मुलीकडे अमेरिकेला जाऊन दोन दिवसांपूर्वी परतल्या होत्या. "पोटरी भरून आलीय, जरा हार्ड प्रेशर दे." मी चादर बाजूला केली. डावी पोटरी उजवीपेक्षा स्पष्ट जाड दिसत होती. त्वचा ताणलेली, थोडी लालसर. हात ठेवला तर गरम. उजवी मात्र थंड. वहीच्या तिसऱ्या पानावर हेच लिहिलेलं आहे : एकच पोटरी, सूज, गरम, लांबचा प्रवास किंवा बरेच दिवस अंथरुणावर. मी म्हटलं, ताई, मी याला हात लावणार नाही, तुम्ही आत्ता डॉक्टरांकडे जा. त्या चिडल्या. पैसे भरलेत, म्हणाल्या. मी पैसे परत दिले आणि रिक्षा बोलावून दिली. संध्याकाळी त्यांच्या मिस्टरांचा फोन आला. डॉप्लर तपासणीत पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गाठ सापडली होती. अशी गाठ दाबल्यामुळे सुटली तर फुप्फुसात जाऊन अडकते, आणि माणूस दगावू शकतो.

त्या वेळी शेजारच्या खोलीत क्लास करून आलेली नवी मुलगी होती. त्या बाई तिच्या वाट्याला आल्या असत्या तर तिने जोर लावून पोटरी दाबली असती, आणि त्यात तिचा काही दोष नसता. क्लायंटने सांगितलं तसं करायचं, हेच तिला शिकवलेलं होतं. मान कडकडा वाजवून देणारे हातही असेच तयार होतात. मानेला झटका देताना मणक्यातून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते आणि चांगल्या धडधाकट माणसाला पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, हे मान मोडणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि खुर्चीत बसलेल्यालाही ठाऊक नसतं.

शिक्षण नसल्याचा फटका आमच्या स्वतःच्या शरीरालाही बसतो. या धंद्यातल्या मुली चार-पाच वर्षांत काम सोडतात, त्याचं एक मोठं कारण अंगठा. दिवसाला सहा-सात क्लायंट, प्रत्येकाला अंगठ्यानेच दाब, मग अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजायला लागतो. माझ्यावर ती वेळ 2013 मध्ये आली. तीन महिने मला कुलपात किल्ली फिरवता येत नव्हती. नंतर मॅडमनी शिकवलं की जोर अंगठ्यातून नाही, पायांतून आणि अंगाच्या वजनातून द्यायचा, अंगठ्याऐवजी कोपराखालचा हात वापरायचा. बेडची उंचीही मोजून घ्यायची. सरळ उभं राहून मूठ वळली की बोटांचे सांधे गादीला टेकले पाहिजेत. आमच्या आधीच्या स्पामध्ये सगळे बेड एकाच उंचीचे होते आणि मुली पाच फुटांपासून साडेपाच फुटांपर्यंतच्या.

आता छाप्यांविषयी. कृपया माझा गैरसमज करून घेऊ नका. मसाजच्या पाटीआड बायकांची विक्री करणारे लोक आहेत आणि त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. त्यांची सगळ्यात जास्त झळ आम्हालाच लागते. पण छापा पडला की अडकलेली मुलगी आणि खरोखर मसाज करणारी मुलगी यांतला फरक दाखवणारा एकही कागद आमच्याकडे नसतो. दुसऱ्या दिवशी पेपरात तोंडाला ओढणी बांधलेल्या मुलींचा फोटो येतो आणि खाली "स्पाच्या नावाखाली" हे शब्द असतात. तो फोटो आल्यावर माझ्याकडच्या मुलींचे घरमालक त्यांना खोली सोडायला सांगतात. बँकेत मी मशीनसाठी कर्ज मागायला गेले तेव्हा अधिकाऱ्याने व्यवसायाच्या रकान्यात 'मसाज' लिहायच्या आधी दोनदा विचारलं, "फक्त मसाजच ना?"

दिल्ली सरकारने 2021 मध्ये स्पासाठी नियमावली काढली. त्यात स्त्रीने पुरुषाचा आणि पुरुषाने स्त्रीचा मसाज करायला बंदी घातली, खोलीच्या दारांना आतून कडी नको असं सांगितलं. बंदीच्या कलमाला त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मला त्यातल्या वेगळ्याच कलमाचं वाईट वाटलं. मसाज करणाऱ्याकडे फिजिओथेरपी, ॲक्युप्रेशर किंवा ऑक्युपेशनल थेरपीचं प्रमाणपत्र हवं असं त्यात होतं. मसाज करणाऱ्याकडून सगळं मागितलं, फक्त मसाजचं शिक्षण मागितलं नाही. फिजिओथेरपीची चार-पाच वर्षांची पदवी घेतलेली मुलगी स्पामध्ये तेल लावायला कशाला येईल? आपण महाराष्ट्रात नियम कराल तेव्हा हे होऊ देऊ नका.

ज्या फिजिओथेरपीला आज आपण इतका मान देतो, ती इंग्लंडमध्ये आमच्याच जागेवर उभी होती. 1894 साली लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली वेश्यागृहं चालतात म्हणून ब्रिटिश मेडिकल जर्नलने मोठा गदारोळ उठवला. चांगल्या घरच्या, शिकलेल्या परिचारिका मसाज करत होत्या, त्यांची नावं खराब व्हायला लागली. तेव्हा त्यांतल्या चौघी जणी एकत्र आल्या आणि प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संस्था त्यांनी काढली. परीक्षा सुरू केली, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मसाज करायचा नाही असा कडक नियम स्वतःवर घालून घेतला. 1920 मध्ये त्या संस्थेला राजाची सनद मिळाली. आजची तिथली फिजिओथेरपिस्टांची चार्टर्ड सोसायटी ती हीच. मॅडमनी मला हे सांगितलं त्या सोमवारी मी घरी येताना बसमध्ये रडले होते.

आम्ही चौघी एकत्र येऊन हे करू शकत नाही, कारण आमच्या प्रमाणपत्राला विचारणारं कुणी नाही. म्हणून आपल्याकडे मागणं आहे.

राज्याची एक परीक्षा घ्या. लेखी आणि हाताची, दोन्ही, आणि मराठीत. हाताची परीक्षा बाहेरच्या परीक्षकापुढे व्हावी, क्लासच्याच मालकापुढे नको. किमान सहा महिन्यांचं शिक्षण असावं, आणि त्यातला पहिला महिना फक्त शरीररचना आणि "कुणाला हात लावायचा नाही" याला द्यावा. प्रमाणपत्रावर तास छापा. उत्तीर्ण होणाऱ्याला फोटोचं ओळखपत्र आणि नोंदणी क्रमांक द्या, जो क्लायंटला आणि पोलिसांना फोनवर तपासता येईल. असा क्रमांक असता तर पोलीस आले त्या दिवशी त्यांचं माझ्याकडचं काम दोन मिनिटांत उरकलं असतं. पंधरा दिवसांत थेरपिस्ट करून देणाऱ्या क्लासांना हा अभ्यासक्रम लागू करा, नाहीतर ते बंद करा. क्रमांक चुकीच्या कामाला वापरला तर तो रद्द करा, माझा असला तरी.

जुन्या हातांना विसरू नका. माझ्या आईसारख्या बाया, तालमीत पैलवानांना रगडणारे वस्ताद, खांद्याला बाटल्या लटकवून फिरणारे चंपीवाले यांना शाळेचा दाखला मागितलात तर ते सगळे बाहेर फेकले जातील. पूर्वीच्या कौशल्याला मान्यता देण्याची पद्धत केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आधीपासून आहे. त्यांची तोंडी आणि हाताची परीक्षा घ्या, जिथे कमी पडतील तेवढंच शिकवा. अंधांसाठी दार उघडं ठेवा. जपानमध्ये सतराव्या शतकापासून अंध माणसं हे काम शिकत आली आहेत, आणि त्यांची उपजीविका टिकावी म्हणून डोळसांसाठी नव्या मसाज शाळा काढण्यावर तिथल्या कायद्याने मर्यादा घातली आहे. आपल्याकडे निदान प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये निघावी.

आणि मुलींच्या सुरक्षिततेचा धडा अभ्यासक्रमातच घाला. क्लायंटने हात धरला तर काय करायचं, हे आज एक मुलगी दुसरीला चहा पिताना सांगते. 2013 च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या ठिकाणच्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. माझ्या मुलींना हे माहीत नव्हतं. मलाही चार वर्षांपूर्वीच कळलं. मसाज मध्येच थांबवून खोलीबाहेर येण्याचा हक्क थेरपिस्टला आहे, त्या दिवसाचा पगार कापायचा नाही, हे नियमात लिहून द्या. मालक म्हणून मी त्यावर सही करायला तयार आहे.

परीक्षेचं शुल्क लावा, आम्ही भरू. मी 45 वर्षांची आहे, तरी पहिल्या तुकडीत बसेन आणि माझ्या तिघींनाही बसवेन. गावी गेलेल्या मुलीच्या वडिलांशी मागच्या महिन्यात बोलले. ते म्हणाले, "सरकारी कार्ड मिळणार असेल तर पाठवतो." मी त्यांना काय सांगू, ते आपल्याकडून कळावं.

या विषयावर आपल्या कार्यालयाने समिती नेमली किंवा नुसतं ऐकून घ्यायला बोलावलं, तर वही घेऊन मी येईन. सोमवारी आमचं केंद्र बंद असतं.

कळावे,
आपली विश्वासू,
एक मसाज थेरपिस्ट, पुणे